मुंबईत शाकाहारी पार्सल: नव्याने आलेल्यांसाठी पायरीपायरीने

नोकरीसाठी सोलापूरहून मुंबईत आले तेव्हा माझ्या सामानात आईने बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरींची चवड आणि ‘बाहेरचं खाशील तर विचारून खा’ एवढी एक सूचना होती. चटणी महिनाभर पुरली, भाकरी पंधरा दिवसांत संपल्या. सूचनेतल्या ‘विचारून’ या शब्दाचा अर्थ कळायला मात्र वर्ष गेले. दादरला ज्या घरी मी पेइंग गेस्ट म्हणून राहत होते, तिथे मुलींना चहापुरताच गॅस वापरता येई. त्यामुळे दोन्ही वेळचे जेवण बाहेरून आणणे भाग होते, आणि रोज हॉटेलात बसून जेवणे ना पगाराला परवडणारे होते, ना वेळेला.

पहिल्याच आठवड्यात घराजवळच्या एका ‘व्हेज-नॉनव्हेज’ दुकानातून मी व्हेज फ्राइड राइस आणला. डबा उघडला, तर कोबी-गाजराच्या तुकड्यांत नखाएवढा, पिवळा, जाळीदार तुकडा दिसला. पनीरच असेल असे मनाला समजावत तो चमच्याने दाबून पाहिला; ते अंडे होते. दुसऱ्या दिवशी विचारायला गेले, तेव्हा गल्ल्यावरचे गृहस्थ जराही न चिडता म्हणाले, “ताई, चिकन नव्हतंच त्यात. कढई तीच असते, आधीच्या ऑर्डरचं राहिलं असेल.” त्यांच्या लेखी त्यांनी मला व्हेजच दिले होते, आणि ‘व्हेज’ या शब्दापलीकडे मीही त्यांना काही सांगितले नव्हते.

पार्सलच्या रांगेत आपल्या वाट्याला जेमतेम दहा सेकंद येतात. मागे उभ्या असलेल्याला लोकल गाठायची असते, गल्ल्यावरच्याला सुटे पैसे मोजायचे असतात आणि आतून कोणीतरी ‘सांबार संपलं’ असे ओरडत असते. त्या दहा सेकंदांत विचार करता येत नाही, फक्त आधी केलेला विचार सांगता येतो. पुढच्या पायऱ्यांपैकी पहिल्या तीन म्हणूनच रांगेत उभे राहण्याआधीच्या आहेत.

लागणारे साहित्य

- स्टीलचे तीन डबे. एक उभा, घट्ट झाकणाचा, झाकणाला रबरी रिंग असलेला. यात सांबार, आमटी किंवा रस्सा येतो. दोन चपटे; एकात भात किंवा पोळ्या, दुसऱ्यात सुकी भाजी.
- रुंद तळाची कापडी पिशवी. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे दुकानदार पिशवी देईलच असे धरून चालू नये, आणि अरुंद पिशवीत उभा डबा आडवा होतोच.
- शंभराच्या आतले सुटे पैसे. यूपीआय सगळीकडे चालते. नेटवर्क मात्र नेमके आपल्या पाळीला जाते.
- कागदपत्र एकच, आणि ते आपण न्यायचे नसून तिथून आणायचे आहे: छापील बिल.
- मनाशी घोकलेले एक वाक्य. ते कसे तयार करायचे, ते पहिल्या पायरीत.

१. आपली मर्यादा आधी ठरवा

‘मी शाकाहारी आहे’ हे वाक्य मुंबईच्या काउंटरवर अपुरे आहे. कायद्याच्या दृष्टीने अंडे मांसाहारात मोडते, तर दूध, दुधाचे पदार्थ आणि मध शाकाहारात. वेष्टनात येणाऱ्या पदार्थांवर हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहार आणि तपकिरी चौकोनातला तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहार, अशी खूण असते. पूर्वी त्रिकोणाच्या जागीही ठिपकाच असे. पण कढईतून थेट डब्यात येणाऱ्या अन्नावर अशी खूण कोण लावणार? तिथे विचारावेच लागते, आणि विचारण्याआधी आपल्याला नेमके काय चालते, हे आपल्यालाच ठाऊक असावे लागते.

स्वतःला पुढील प्रश्न विचारून पाहा. अंडे नको, एवढेच पुरेसे आहे, की ज्या कढईत अंडे पडले तीही नको? कांदा-लसूण चालतो का? बटाटा, गाजर, बीट, आले यांसारखे जमिनीखालचे जिन्नस चालतात का? आज उपवास आहे का, आणि असल्यास तेल वेगळे हवे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘कढईही नको’ असे असेल, तर ‘व्हेज-नॉनव्हेज’ लिहिलेल्या दुकानात पाऊल न टाकणे हाच सोपा मार्ग आहे. तिथले लोक लबाड असतात असे नव्हे. संध्याकाळच्या गर्दीत एका आचाऱ्याकडून दर वेळी कढई धुऊन घेण्याची अपेक्षा करणेच अवास्तव आहे.

कांदा-लसणासाठी मुंबईने एक शब्द आयता करून ठेवला आहे, तो म्हणजे ‘जैन’. तुम्ही जैन असा वा नसा, चातुर्मास पाळत असा किंवा लसणाने पोट बिघडत असो, ‘जैन बनवून द्या’ हे दोन सेकंदांत समजते. मात्र या शब्दाबरोबर बटाटाही जातो, हे लक्षात ठेवा. मी एकदा नुसता कांदा टाळायचा म्हणून ‘जैन पावभाजी’ मागवली, तर कच्च्या केळ्याची भाजी आली. ती वाईट नव्हती, उलट मला आवडली. पण मनात बटाट्याची भाजी धरून बसलेल्याला तो धक्काच असतो. बटाटा चालत असेल, तर ‘कांदा-लसूण नको, बटाटा चालेल’ असे पूर्ण सांगावे.

इथेच एक सापळा आहे. पंजाबी पद्धतीच्या भाज्यांची लाल ग्रेव्ही बऱ्याच ठिकाणी सकाळीच मोठ्या पातेल्यात करून ठेवलेली असते आणि तिचा पायाच कांद्याचा असतो. त्यामुळे कोणी ‘हो हो, जैन करून देतो’ असे फार चटकन म्हटले, तर ‘जैन ग्रेव्ही वेगळी आहे का?’ हा दुसरा प्रश्न विचारावा. ‘वेगळी आहे’ किंवा ‘ग्रेव्हीची भाजी नको, सुकी घ्या’ ही दोन्ही उत्तरे प्रामाणिक असतात. नुसती मान हलली तर दुसरे काहीतरी मागवावे. वडापावावरची लाल सुकी चटणी लसणाचीच असते आणि वड्याच्या सारणातही लसूण असतो, त्यामुळे चटणी नाकारून वडा घेणाऱ्यांचे समाधान अर्धेच खरे असते. उडपी हॉटेलांतल्या सांबारातही पुष्कळदा कांदा असतो. चटणी चालेल, सांबार नको, असे सांगून इडली घेता येते.

उपवासाच्या दिवशीचा घोटाळा तेलात असतो. साबुदाणा वडा उपवासाचा असला, तरी तो बटाटेवड्याच्या, म्हणजे बेसनाच्या तेलात तळला असेल तर काही जणांना चालत नाही. ‘उपवासाचं तेल वेगळं आहे का?’ हा प्रश्न मराठी उपाहारगृहांत नेहमीचा आहे, तो विचारताना संकोच वाटू देऊ नका. खिचडी घेतली तर हा प्रश्नच उरत नाही.

ज्यांना शेंगदाण्याची किंवा गव्हाची ॲलर्जी आहे, त्यांनी अधिक सावध राहावे. दाण्याचे कूट आपल्याकडे भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत, कुठेही असते; आणि बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे तांदूळ-डाळीचा डोसा गव्हावाचून झाला, तरी सोबतच्या सांबाराची खात्री देता येत नाही.

एवढे ठरले की वाक्य तयार होते. माझे असे आहे: ‘शुद्ध शाकाहारी, अंडं नाही, कांदा चालेल, तिखट कमी.’

२. दुकानाची जात ओळखा

पाटीवर ‘प्युअर व्हेज’ किंवा ‘शुद्ध शाकाहारी’ असेल, तर मुंबईत त्याचा व्यवहारातला अर्थ ‘इथे अंडेही शिजत नाही’ असा आहे. नुसते ‘व्हेज’ किंवा ‘फॅमिली रेस्टॉरंट’ असेल, तर काहीच गृहीत धरू नका. पाटीनंतर दुकानाचा प्रकार पाहावा, कारण प्रत्येक प्रकारच्या दुकानाची खुबी वेगळी असते.

उडपी हॉटेल हा नवख्याचा पहिला आधार. सकाळी लवकर उघडते, दर माफक असतात, पदार्थ ठरलेले असतात आणि पार्सलची खिडकी बहुतेक वेळा गल्ल्याला लागूनच असते. माटुंगा पूर्वेला ही परंपरा सर्वांत जुनी दिसते: राम आश्रय १९३९ पासून, कॅफे मद्रास १९४० पासून आणि रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून तिथे आहे. रविवारी सकाळी तिकडे पार्सल घ्यायला जाणार असाल, तर रांगेची तयारी ठेवून जा. रोजच्या पोटापाण्यासाठी आपल्या स्टेशनबाहेरचे साधे उडपी पुरते. एक विसंगती मात्र ध्यानात ठेवा: ‘उडपी’ हा शब्द आता प्रांतापेक्षा पद्धतीचा झाला आहे, त्यामुळे त्याच पाटीखाली पावभाजी, शेजवान डोसा आणि पनीर टिक्काही मिळतो, आणि नावात लंच होम किंवा बार असलेल्या काही ठिकाणी मासळीही मिळते.

मराठी उपाहारगृहे दादर, गिरगाव, पार्ले, ठाणे या पट्ट्यांत अधिक आढळतात. दादरला शिवाजी पार्काजवळच्या प्रकाशमधले साबुदाणा वडा आणि पियूष, किंवा सेनाभवनाजवळच्या आस्वादमधली मिसळ, यांसाठी लोक लांबून येतात. इथे थालीपीठ, कोथिंबीर वडी, डाळिंब्यांची उसळ असे पदार्थ मिळतात, जे घरापासून दूर असलेल्या माणसाला अधूनमधून औषधासारखे लागतात. रोजच्या जेवणाला मात्र ही जागा नव्हे.

रोजच्या जेवणाला पोळी-भाजी केंद्र. माझे मत विचाराल, तर नव्याने आलेल्या शाकाहारी माणसाने सर्वांत आधी शोधावे ते हेच. एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर, पुष्कळदा बायकांनीच चालवलेले, टेबल-खुर्ची नसलेले दुकान. समोर काचेच्या कपाटात पातेली, बाजूला सुती कापडात गुंडाळलेल्या पोळ्यांची चळत आणि भिंतीवर खडूने लिहिलेली आजची भाजी. पोळ्या नगावर मिळतात, भाज्या छोट्या-मोठ्या डब्यावर. इथल्या काकूंना ‘भाजीत साखर आहे का, गोडा मसाला आहे का, कूट आहे का’ असे काहीही विचारता येते, कारण ज्यांनी भाजी केली त्याच समोर उभ्या असतात. ओळख झाली की मेथीची भाजी बाजूला काढून ठेवली जाते, आणि आठवडाभर दिसला नाहीत तर ‘गावी गेला होतात का?’ अशी चौकशीही होते.

फरसाणची दुकाने ढोकळा, खांडवी, समोसा यांपुरती उत्तम. गुजराती थाळीची ठिकाणे बसून जेवण्यासाठी आहेत. वाढप्याच्या आग्रहाशिवाय त्या थाळीचे पार्सल म्हणजे नुसत्या वाट्या. राहिली चायनीजची गाडी. तिथे हक्का नूडल्सच्या तव्यावर काय काय परतले जाते, ते पाच मिनिटे उभे राहून पाहावे आणि मग ठरवावे. सूप घेणार असाल, तर त्याचे पाणी कशाचे आहे, हेही विचारावे. भाज्या कितीही घातल्या, तरी ते चिकनच्या उकडीचे असेल तर तुमचे काम झाले नाही.

३. वेळ साधा

इडली सकाळची, राइस प्लेट दुपारची. पोळी-भाजी केंद्रात दुपारी एकच्या आत पोचावे. दीडनंतर बटाट्याची भाजी आणि आमटी एवढेच उरते. संध्याकाळी साडेसात ते नऊ ही ॲपवरच्या ऑर्डरींची वेळ असल्यामुळे काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला तेव्हा कोणी विचारत नाही. सातच्या आत गेलात तर पाच मिनिटांत सुटका होते.

४. गल्ल्यावर काय आणि कसे बोलावे

बहुतेक ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, कुपन किंवा बिल घ्यायचे आणि ते पार्सलच्या खिडकीवर द्यायचे, अशी रीत असते. नवखा माणूस नेमके उलटे करतो: थेट खिडकीवर जाऊन सांगतो आणि ‘पहले उधर’ असे ऐकून पुन्हा रांगेच्या शेवटी जातो. आत शिरताच लोकांच्या हातात कागद आहे की पैसे, हे पाहिले की रीत कळते.

बोलताना क्रम ठेवा: आधी ‘पार्सल’ हा शब्द, मग पदार्थ आणि नग, मग सूचना, शेवटी डबा. उदाहरणार्थ:

“बोला मॅडम.”
“अण्णा, पार्सल. दोन इडली, एक उत्तप्पा. उत्तप्प्यात कांदा नको, टोमॅटो चालेल. सांबार या डब्यात.”
“चटणी?”
“वेगळी.”

एवढ्यात काम होते. ‘पार्सल’ शब्द आधी का? कारण काही ठिकाणी पार्सलचा दर वेगळा असतो आणि बिल झाल्यावर सांगितले, तर ते रद्द करून पुन्हा काढावे लागते. सूचना गल्ल्यावर सांगितली, तरी ती खिडकीवर कुपन देताना पुन्हा सांगावी. गल्ल्यावरचे शेठ पैशांचे बघतात, कढईचे नव्हे. शक्य असेल तर ‘जैन’ किंवा ‘कांदा नको’ हे कुपनावर पेनाने लिहून घ्यावे. हा उपाय मला एका सहकाऱ्याने सांगितला आणि तेव्हापासून माझ्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या.

हाक मारण्याचाही प्रश्न असतो. उडपी हॉटेलात ‘अण्णा’, केंद्रात ‘काकू’ किंवा ‘ताई’, खिडकीवरच्या मुलाला ‘दादा’ किंवा ‘भाऊ’. समोरचा हिंदीत बोलला, तरी मराठीत विचारलेले त्याला बहुधा कळते. नाही कळले, तर सूचना हिंदीत पुन्हा द्यावी, कारण ‘चालेल’ आणि ‘नको’ यांतला गोंधळ शेवटी आपल्याच डब्यात उतरतो.

५. काय न्यावे, काय तिथेच खावे

पार्सलची खिडकी जवळून पाहण्यासारखी असते. मी जिथून इडली नेत असे, तिथे खिडकीच्या वर खिळ्याला दोऱ्याचे रीळ टांगलेले होते. तो मुलगा पातळ पिशवीत एक पळी सांबार ओती, पिशवीचे तोंड चिमटीत धरून तिला हवेतच गिरकी देई, दुसऱ्या हाताने वरून दोरा ओढून तीन वेढे मारी आणि तोडून टाकी. सारे एका दमात. पिशवी फुग्यासारखी टम्म. हे कसब कितीही पाहत राहावेसे वाटले, तरी उकळते सांबार पातळ प्लास्टिकमध्ये घेऊ नये, आणि घरी त्या दोऱ्याची गाठ सुटत नाही, हेही खरेच. डबा पुढे केला तर कोणी नाही म्हणत नाही. छापील वर्तमानपत्रात गुंडाळलेले तेलकट पदार्थही टाळावेत. शाईतली रसायने अन्नात उतरतात म्हणून केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) त्याविरुद्ध वारंवार बजावले आहे. ‘कोऱ्या कागदात द्या’ असे म्हणावे.

प्रवासात टिकणारे पदार्थ म्हणजे इडली, उत्तप्पा, उपमा, खिचडी, लेमन राइस, दही-भात, पोळी आणि कोणतीही सुकी भाजी. हे अर्ध्या तासाने उघडले, तरी जसेच्या तसे असतात.

मसाला डोसा हा पार्सलचा पदार्थच नव्हे. गरम डोसा कागदात गुंडाळला की आपल्याच वाफेने दहा मिनिटांत मऊ पडतो, त्यातला बटाटा ओला होतो आणि घरी पोचेपर्यंत त्याची घडी पोळीसारखी होते. न्यायचाच असेल, तर भाजी वेगळी मागावी आणि घरी डोसा कोरड्या तव्यावर मंद आचेवर मिनिटभर ठेवावा. पुरी-भाजीतल्या पुरीचे, भटुऱ्याचे आणि मेदुवड्याचेही तेच. मेदुवडा सांबारात बुडवून कधीही घेऊ नका.

पावभाजी मात्र नीट मागितली तर उत्तम जाते. भाजी डब्यात, कांदा-लिंबू वेगळे आणि पाव न भाजता घ्यावेत. घरी तव्यावर लोणी टाकून भाजले की गाडीवरची चव येते. मिसळीसाठी उसळ, रस्सा आणि फरसाण तिन्ही वेगळे मागावे. हे न सांगितल्यास फरसाण रस्स्यात पडून येते आणि आपण लापशी खातो. शेवपुरी, दहीपुरी पार्सल घेणाऱ्यांविषयी मला काही म्हणायचे नाही.

वडापाव घरी नेऊ नये. दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली, असे सांगितले जाते, आणि स्टेशनाबाहेर हा त्याच्या व्याख्येचाच भाग आहे: कढईतून निघाल्यावर गाडी फलाटावर येईपर्यंतच्या चार मिनिटांत तो उभ्याने खाण्यासाठी जन्मला. सोबत कागदात थोडा चुरा मागून घ्यावा, तो फुकट मिळतो.

६. बिल वाचा

माझे रोजचे काम हिशेबाचे असल्यामुळे या पायरीवर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे. साध्या उपाहारगृहात ५ टक्के जीएसटी लागतो, बसून खा किंवा पार्सल न्या. बिलावर तो अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत दिसतो, एक केंद्राचा, एक राज्याचा. समजा १५० रुपयांचे जेवण आणि १० रुपये पार्सलचे, तर कर १६० रुपयांवर, म्हणजे ४ अधिक ४, आणि एकूण १६८ रुपये. पार्सलचे १० रुपये बेकायदा नाहीत, पण ते दरपत्रकावर लिहिलेले असावेत आणि तुम्ही स्वतःचा डबा दिला असेल, तर ते न लावण्याची विनंती जरूर करावी. निम्म्या वेळा ती मान्य होते.

बरीच लहान दुकाने जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने स्वतःच कर भरण्याच्या सोयीत, असतात. त्यांनी तसे बिलावर लिहायचे असते आणि त्यांना ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. म्हणजे बिलावर ‘कंपोझिशन’ असेही लिहिले असेल आणि खाली ५ टक्केही लावले असतील, तर शांतपणे दाखवून द्यावे. बिलावर जीएसटी क्रमांकच नसेल आणि तरीही कर लावला असेल, तेव्हाही तेच.

सेवा शुल्क ही तिसरी गोष्ट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या सूचना उचलून धरल्या. पार्सलवर तर कोणी पाणीही आणून दिलेले नसते.

बिलावर आणखी एक आकडा शोधावा: अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक. १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर नोंदणी. जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणे बंधनकारक आहे आणि दुकानातही तो दिसेल असा लावायचा असतो.

७. खिडकी सोडण्याआधी

तिथेच डबा उघडून पाहा. लाज वाटते, मागचा माणूस उसासा टाकतो, तरीही पाहा. नग बरोबर आहेत का, सूचना पाळली का, चटणी दिली का, झाकण बसले का. एवढे दहा सेकंदांत होते. एकदा रस्त्यावर आलात की ‘आम्ही तर दिलं होतं’ यावर वाद घालता येत नाही.

८. ॲपवरून मागवताना

ॲपमध्ये ‘प्युअर व्हेज’ची चाळणी असते, ती लावावी. नुसती ‘व्हेज’ची चाळणी पदार्थ निवडते, स्वयंपाकघर नव्हे. ॲपवर एकाच पत्त्यावरून चार-पाच नावांनी चालणारी स्वयंपाकघरे असतात. एक नाव सात्त्विक थाळीचे, दुसरे बिर्याणीचे. परवाना जागेनुसार मिळत असल्यामुळे मेन्यूच्या तळाशी दिलेला १४ अंकी क्रमांक दोन्ही नावांखाली ताडून पाहावा. तो एकच असेल, तर स्वयंपाकघरही एकच. ही युक्ती कळल्यावर माझ्या आवडत्या यादीतली दोन नावे मी काढून टाकली. दरही तुलनेने पाहावेत. तोच पदार्थ काउंटरवर अनेकदा स्वस्त असतो.

९. बिनसले तर

आधी दुकानदाराला सांगा. बहुतेक वेळा बदलून मिळते, आणि ओळखीच्या ठिकाणी दोन जास्तीच्या इडल्याही मिळतात. शाकाहारी म्हणून मागवलेल्यात अंडे किंवा मांस निघाले, किंवा अन्न खराब निघाले आणि कोणी दाद दिली नाही, तर डब्याचा व बिलाचा फोटो काढून ठेवावा आणि अन्न टाकून देण्याआधी तक्रार नोंदवावी. अन्नासंबंधीच्या तक्रारी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर करता येतात. बिलातील लुबाडणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दोन्हीकडे दुकानाचे नाव, तारीख आणि तो १४ अंकी क्रमांक विचारतात, म्हणून साहित्याच्या यादीत बिल घातले होते. माझ्या त्या फ्राइड राइसच्या वेळी मी बिल घेतलेच नव्हते.

१०. घरी पोचल्यावर

मुंबईची हवा अन्नाला दयामाया दाखवत नाही. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान फार वेळ राहिले की त्यात जिवाणू वाढतात, आणि आपली खोली बाराही महिने नेमकी त्याच तापमानात असते. दोन तासांच्या आत खावे, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावे. भाताच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावे. सर्वांत आधी दगा देते ती ओल्या नारळाची चटणी. सकाळी नेलेली चटणी दुपारी कचेरीत उघडली आणि तिला किंचित आंबूस वास आला, तर ‘दह्याची असेल’ अशी समजूत घालू नये, टाकून द्यावी. डबा दुपारसाठी नेणार असाल, तर नारळाच्या चटणीऐवजी सुकी पूड चटणी मागावी; उडपी हॉटेलात ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

डबे आल्याबरोबर धुवावेत आणि झाकणाची रबरी रिंग काढून वेगळी धुवावी. तिच्या खोबणीत सांबाराचा वास साचतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातल्या गोड वरणाला तो लागतो. लिंबाची पिळलेली फोड फिरवून रिंग खिडकीत उन्हात ठेवली की वास जातो. पावसाळ्यात ऊन नसते, म्हणून मी दोन रिंगा ठेवल्या आहेत.